गाण्याचा क्रमांक देताना मोजणीही सांगावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत क्वीन या ब्रिटिश बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यावर आलेला लेख आवडीने वाचला. गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचे फरोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले, हा उल्लेख आपल्याकडे ठरलेलाच असतो (सातारा जिल्ह्यातला असल्याने मलाही तो सुखावतो). मात्र हे गाणे त्या वेळी ‘जगभर पहिल्या क्रमांकावर’ होते, हे विधान बरोबर नाही. ब्रिटनमध्ये ते नोव्हेंबर १९७५ पासून सलग नऊ आठवडे अव्वल राहिले. अमेरिकेत मात्र १९७६ मध्ये नवव्या क्रमांकाच्या वर गेले नाही.

एवढ्या तफावतीचे खापर केवळ श्रोत्यांच्या आवडीवर फोडता येत नाही, कारण दोन्ही याद्यांची मोजणीच वेगळी होती. ब्रिटनच्या यादीत तेव्हा फक्त रेकॉर्डची विक्री धरली जाई आणि निवडक दुकानदार विकल्या गेलेल्या तबकड्यांची हाताने लिहिलेली नोंद दर आठवड्याला पाठवत असत. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या ‘हॉट १००’ यादीत विक्रीच्या जोडीला रेडिओवरील प्रसारणही जमेस धरले जाई, आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यांना सरावलेल्या रेडिओ केंद्रांना ५ मिनिटे ५५ सेकंदांचे गाणे गैरसोयीचे वाटणार, हे उघड आहे. ही धास्ती लंडनमध्येही होतीच. परंतु कॅपिटल रेडिओचे निवेदक केनी एव्हरेट यांनी रेकॉर्ड बाजारात येण्यापूर्वीच एका शनिवार-रविवारी ते १४ वेळा वाजवले आणि ऐकणारे थेट दुकानांत चौकशीला गेले. यादीत न मोजल्या जाणाऱ्या रेडिओनेच तिथे मोजली जाणारी विक्री वाढवली, ही गंमत लेखात यायला हवी होती.

विक्री तबकडीची मोजली जाई, तिच्या एका बाजूची नव्हे. त्यामुळे मागच्या बाजूवरील गाण्याचे गीतकार-संगीतकार, ड्रमवादक रॉजर टेलर, यांनाही मर्क्युरी यांच्याइतकेच मानधन मिळाले आणि त्यावरून बँडमध्ये बरीच कुरबुर झाली.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी यांचे एड्सशी संबंधित आजाराने निधन झाले. त्यानंतर पुन्हा काढलेली ही रेकॉर्ड ब्रिटनमध्ये आणखी पाच आठवडे पहिली होती. तिचे उत्पन्न टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या एड्सविषयक संस्थेला देण्यात आले. अमेरिकेत १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटामुळे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. पण तोवर ‘हॉट १००’ची पद्धत पालटली होती: नोव्हेंबर १९९१ पासून दुकाने आणि रेडिओ केंद्रांनी तोंडी कळवलेल्या अंदाजांऐवजी बारकोडवरून नोंदलेली विक्री आणि यंत्राने टिपलेले प्रसारण वापरले जाऊ लागले. १९७६ चा नववा आणि १९९२ चा दुसरा क्रमांक एकाच मापाने मोजलेले नाहीत, तेव्हा त्यांची थेट तुलना करून ‘सोळा वर्षांत लोकप्रियता वाढली’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आता तर ऑनलाइन ऐकण्याचीही गणती होते.

यापुढे अशा लेखांत क्रमांकासोबत देश, यादीचे नाव, वर्ष आणि मोजणीचा आधार एका ओळीत द्यावा, आणि वरील विधानाची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, वाई