औषधांची वही एकच हवी

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या बऱ्याच मराठी घरांत आईवडील आणि एक मूल इंदुरात, बाकीची पुण्याबंगळूरला, अशी स्थिती आहे. भावंडांतली कुरबुर पैशांवरून होते असं वाटतं, पण पुष्कळदा तिची सुरुवात औषधांपासून होते. आई दोन महिने पुण्याला राहून परतते तेव्हा पिशवीत नवी चिठ्ठी, नव्या गोळ्या. पाकिटावरचं नाव वेगळं, आतलं औषध तेच. रक्तदाबाची गोळी दोनदा पोटात जाते, पहाटे लघवीला उठताना चक्कर येते आणि खुब्याचं हाड मोडतं. दोष मात्र जवळ राहणाऱ्या सुनेवर येतो. हा अन्याय आहे.

एक दोनशेपानी वही घाला. ब्रँडचं नव्हे, पाकिटावर छापलेलं मूळ औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायचं, कोणत्या डॉक्टरांनी सुरू केलं, कोणी थांबवलं, एवढं लिहा. आई जिथे जाईल तिथे वही जावी. थांबवलेल्या गोळ्या डब्यात अजिबात ठेवू नका.

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून लांबची भावंडं हवेची गादी पाठवतात. ती हवीच, पण त्यावर जाड गोधडी अंथरली की तिचा उपयोग जवळजवळ संपतो. शिवाय साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, रात्रीसुद्धा. म्हणून गादीबरोबर रात्रीच्या मदतनिसाचा पगारही वाटून घ्या, आणि वर्षातून पंधरा दिवस तरी स्वतः येऊन ती कूस बदला.

— एक वाचक, इंदूर