सातव्या तासाचे रीडिंग

ऐरोली, नवी मुंबई

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू वैतागून म्हणालास की, तुझ्या बरोबरीची मुले मोबाइलच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करतात, दरवर्षी काहीतरी नवे घडवतात. तू मात्र रेल्वे, नौदल आणि वीज उपकेंद्रे यांच्यासाठी जुन्याच नमुन्याच्या बॅटऱ्या तपासत बसतोस आणि बॅटरीच्या वजनाइतके कागद तिच्याबरोबर गिऱ्हाइकाकडे धाडतोस. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण माझे फोनवरचे निम्मे बोलणे तुझ्या मेसच्या जेवणाच्या चौकशीतच संपते. शिवाय या कागदांवरून मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती लिहूनच नीट सांगता येईल.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बॅटरीच्या कारखान्यात मी नोकरी करत होते एवढे तुला ठाऊक आहे. आमच्या वेळच्या कारखाना नियमांनुसार शिशाच्या प्रक्रियेत, म्हणजे ऑक्साइड मळणे, प्लेटांवर लेप चढवणे अशा कामांवर, स्त्रियांना घेण्यास मनाई होती. म्हणून मला चाचणी विभागात घेतले. तिथेही आम्लाशी गाठ होतीच. आठवडाभर वापरलेली सुती ओढणी वाळलेली असेपर्यंत धड दिसे आणि रविवारी धुतली की तिची चाळण होई. थेंब कधी उडाला होता हे त्या दिवशी कळे. शिशाबद्दल जाता जाता एवढेच सांगते की, गूळ खाल्ला की शिसे उतरते असे आमच्याकडे जुने कामगार सांगत. त्यावर तू विसंबू नकोस. रक्ततपासणी चुकवू नकोस आणि हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नकोस.

माझ्याकडे दहा तासांची क्षमता चाचणी असे. ५५ सेलचा ११० व्होल्टचा संच पूर्ण चार्ज करायचा, मग दहा तासांत तो रिकामा होईल असा, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह सलग काढत राहायचा आणि दर तासाला प्रत्येक सेलचे व्होल्टेज, आम्लाची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, आणि तापमान टिपायचे. दहा तास भरण्याआधी एकही सेल १.८५ व्होल्टच्या खाली उतरता कामा नये, आणि क्षमतेचा हिशेब २७ अंश सेल्सियसला धरायचा. सकाळी सातला सुरू केलेली चाचणी संध्याकाळी पाचला संपे.

त्या दिवशी दुपारी दोनच्या रीडिंगची वेळ झाली आणि तुझ्या शाळेतून फोन आला. तुला सपाटून ताप चढला होता. तुझे बाबा कुठे सापडतील, शेजारच्या काकूंना निरोप कसा पोचेल, या धावपळीत मी परतले तेव्हा पावणेतीन वाजले होते. सातव्या तासाचा रकाना कोरा होता. आठव्या तासाचे रीडिंग घेतल्यावर मी सहावे आणि आठवे यांची मधली संख्या काढून पंचावन्नच्या पंचावन्न घरे भरून टाकली आणि मनात म्हटले, इतका वेळ सेल वागलेत, मधल्या एका तासात काय बिघडणार आहे?

गिऱ्हाइकाकडून तपासणीला आलेले गृहस्थ मितभाषी होते. त्यांनी तक्त्यावर पेन्सिल ठेवून वर न पाहताच विचारले, "बाई, सातव्या तासाला तुमचे सगळे सेल सरळ रेषेत कसे उतरले?" तुला हे समजेल, म्हणून सविस्तर लिहिते. लेड अ‍ॅसिड सेलचे व्होल्टेज आरंभी सावकाश उतरते आणि शेवटाकडे उतार वाढत जातो. त्यामुळे सातव्या तासाचा खरा आकडा सहाव्या आणि आठव्याच्या सरासरीपेक्षा किंचित वर असायला हवा. माझे पंचावन्न आकडे तंतोतंत सरासरीवर बसले होते. मी कबुली दिली. त्यांनी संच नापास केला, तो पुन्हा चार्ज करून चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागली, त्यात तीन दिवस गेले आणि साहेबांनी मला सर्वांसमोर फैलावर घेतले. फेरचाचणीत सगळेच्या सगळे सेल पास झाले, त्यामुळे त्या गृहस्थांनी उगाच काथ्याकूट केला असे मी बरीच वर्षे मानत होते.

माझे मत फिरले ते १२ ऑक्टोबर २०२० रोजी, निवृत्त झाल्यावर. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तुला तो दिवस आठवत असेल. मी गॅलरीत उभी राहून उपकेंद्रांतल्या बॅटरी रूमचा विचार करत होते. उपकेंद्राची स्वतःची वीजही अशा वेळी सर्वांबरोबरच जाते. मग रिले म्हणजे बिघाड ओळखणारी उपकरणे जागी ठेवणे, ब्रेकर म्हणजे वीज तोडणारी मोठी स्विचे उघडणे आणि पुन्हा लावणे हे सारे त्या खोलीतल्या ११० किंवा २२० व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ती बॅटरी वर्षानुवर्षे चार्जरला जोडून नुसती बसलेली असते. चार्जर चालू असेतो एकूण व्होल्टेज बरोबरच दिसते, एखादा आतून कुजलेला सेलही त्यात झाकून जातो. पण सगळे सेल एका माळेत असल्यामुळे खरा प्रवाह मागितला त्या क्षणी तो एकटा सेल अख्खी माळ तोडू शकतो. अशा सेलला कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी पकडण्याची जागा म्हणजे तुझा तो कंटाळवाणा तक्ता.

तुझी बाकीची गिऱ्हाइकेही याच जातीची आहेत. कळव्याच्या शेडमध्ये पॅन्टोग्राफ, म्हणजे छतावरचा वीज घेणारा सांगाडा, खाली करून ठेवलेली लोकल सकाळी जागी कशी होते, हे तू पाहिले आहेस का? वरच्या तारेतली वीज घ्यायला पॅन्टोग्राफ उचलायला हवा, तो उचलायला दाबाची हवा हवी, आणि हवा भरणाऱ्या मोठ्या कॉम्प्रेसरला तीच वरची वीज हवी. हा तिढा बॅटरीवर चालणारा एक लहानसा कॉम्प्रेसर सोडवतो, त्याला रेल्वेवाले बेबी कॉम्प्रेसर म्हणतात. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, २०१७ साली नौदलात दाखल झालेल्या आयएनएस कलवरी या पाणबुडीत ३६० सेल आहेत आणि एकेकाचे वजन ७५० किलो आहे. पाण्याखाली असताना त्यांतला एखादा बदलून आणू म्हणण्याची सोय नाही. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो आणि बंद जागेतल्या हवेत तो चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो, हे तर तुला पहिल्याच आठवड्यात शिकवले असेल.

नव्या लिथियम बॅटऱ्यांना नाके मुरडणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांत मला धरू नकोस. ग्रिडवरची, म्हणजे वीजजाळ्यातली, साठवण लिथियमकडे चालली आहे आणि ते योग्यच आहे. फ्रान्सची साफ्ट कंपनी १९१८ पासून या धंद्यात आहे; धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानातल्या मुख्य लिथियम बॅटरीचे सेल तिचे होते. मार्च २००४ मध्ये पृथ्वीवरून निघालेली ती बॅटरी नोव्हेंबर २०१४ मध्ये कामाला लागली आणि तिने सुमारे ६० तास यान चालवले. दहा वर्षे पडून राहून हाकेला ओ देणाऱ्या त्या सेलच्या मागे किती तक्ते भरले गेले असतील, याचा मला हेवा वाटतो.

आता रीडिंग डेटा लॉगर, म्हणजे आपोआप आकडे नोंदवणारे यंत्र, घेतो, असे तू म्हणशील. घेऊ दे. त्याची वायर सेलच्या टर्मिनलला घट्ट बसली आहे की नुसती टेकली आहे, हे अजून माणसालाच वाकून पाहावे लागते. आमच्या विभागात त्या दुपारी माझ्या जागी उभे राहायला दुसरे कोणी नव्हते, आणि तशी सोय हवी असे मीही कधी साहेबांना म्हटले नव्हते. तुमच्याकडे दुपारी दोनच्या वेळी चाचणीवर कोण असते, आणि त्याच्या मुलाला ताप आल्याचा फोन आला तर त्याच्या जागी कोण उभे राहते, ते मला पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
आई