छोट्या इंटरनेट रेडिओचे ओझे

महोदय,
सॅन फ्रान्सिस्कोचे 'सोमा एफएम' हे २००० साली सुरू झालेले इंटरनेट रेडिओ केंद्र जाहिरातींविना, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते. रात्री त्याच्या 'इंडी पॉप रॉक्स' वाहिनीवर एखादी अनोळखी गिटार कानावर पडली, की पडद्यावरचे बँडचे नाव मी वहीत टिपून ठेवतो.

२००२ मध्ये अमेरिकेत दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे ०.०७ सेंट रॉयल्टी ठरली. आकडा किरकोळ वाटतो. पण तासाला पंधरा गाणी आणि सतत पाचशे श्रोते धरले, तर दिवसाला १२६ डॉलर होतात. या ओझ्याने हे केंद्र काही महिने बंद पडले होते. कलावंतांना मोबदला मिळालाच पाहिजे, मात्र छोट्या केंद्रांकडून तो उत्पन्नाच्या प्रमाणातच घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

– एक श्रोता, पुणे