होमगार्डच्या पायांसाठी : तालुका माजी सैनिक संघटनेचं आवाहन

तालुक्यातले सर्व ग्रामस्थ, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, व्यापारी बंधू आणि पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला असलेले आमचे गाववाले, सर्वांना सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी विसर्जनाच्या रात्री साडेअकराच्या सुमारास मिरवणूक बाजारपेठेतून पुलाकडे वळत होती. तिथे दोन गटांत बाचाबाची झाली. चूक कुणाची हे आता उकरायचं नाही. ते तेव्हाच मिटलं आणि ती माणसं आज एकमेकांच्या लग्नकार्याला जातात. पण त्या पाच-सात मिनिटांत दगड आले. दोर धरून उभ्या असलेल्या आपल्या एका होमगार्डच्या उजव्या नडगीवर अर्ध्या विटेएवढा दगड बसला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, हातात काठी होती. गुडघ्याखाली मात्र नुसती खाकी पँट. त्याला उचलून रिक्षात घालताना आमच्यापैकी दोघं तिथे होते. पँट वर केली तेव्हा हाड कातडी फाडून बाहेर आलेलं दिसलं.

हा पोरगा पहाटे साडेचारला उठून दोन जर्सी गायींच्या धारा काढतो आणि मोटरसायकलवर किटल्या बांधून डेअरीला दूध घालतो. पायात रॉड टाकला. सात महिने त्याला किक मारता आली नाही. त्याची बायको अंधारात डोक्यावर किटली घेऊन दोन किलोमीटर चालत जायची. होमगार्डला महिन्याचा पगार नसतो. ज्या दिवशी ड्यूटी, त्या दिवसाचा भत्ता. घरी बसलं की तोही बंद. जखमींच्या मदतीची प्रकरणं होतात, पण कागद फिरायला वेळ लागतो आणि गायींना वैरण रोज लागते.

होमगार्ड म्हणजे पोलीसच, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. ही मानसेवी संघटना आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी तेव्हाच्या मुंबई प्रांतात तिची सुरुवात झाली आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर ती देशभर एका धर्तीवर उभी राहिली. ‘निष्काम सेवा’ हे तिचं ब्रीद. आपल्या तालुक्याच्या पथकात शेतकरी आहेत, गवंडी आहेत, एक सलूनवाला आहे, अंगणवाडीत मदतनीस असलेल्या ताई आहेत. परवा माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत गेली तेव्हा उन्हापावसात रस्त्याच्या कडेला हीच मंडळी उभी होती. निवडणूक, यात्रा, पूर, विसर्जन, सगळीकडे आपल्या आणि गर्दीच्या मधे पहिल्या रांगेत हेच असतात.

पायाबद्दल एवढं का सांगतोय, ते ऐका. आपल्याच नडगीवरून बोट फिरवून बघा. वर कातडी आणि लगेच हाड. मांडीला मांस आहे, पोटरीला आहे, पण नडगीच्या समोरच्या बाजूला काहीही नाही. म्हणून तिथे जोराचा मार बसून हाड मोडलं की ते सहज कातडीबाहेर येतं आणि जखमेत माती जाते. खालच्या भागाला रक्तपुरवठाही कमी, त्यामुळे तिथलं हाड जुळायला महिनोन्‌महिने घेतं. आणि जमावातून येणारे दगड काही सगळे डोक्यावर येत नाहीत. हेल्मेट आणि ढाल दिसली की दगड खाली मारतात. आमच्यापैकी ज्यांनी अशा गर्दीसमोर ड्यूटी केली आहे, ते सगळे हेच सांगतात.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर महाराष्ट्रात बुलेटप्रूफ जॅकेटची चर्चा घराघरात झाली. व्हायलाच हवी होती. छाती-पोट झाकलं की जीव वाचतो, म्हणून सगळा विचार तिथूनच सुरू होतो आणि बहुतेक वेळा कमरेपाशी संपतो. आमच्या आजोबांच्या पिढीत फौजेतला माणूस घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरीची पट्टी गुंडाळायचा. इंग्रजांनी ‘पट्टी’ हा शब्दही आपल्याकडूनच उचलला. काट्याकुट्यापासून, चिखलापासून त्या पट्टीने पाय सांभाळले. आमच्या काही घरांत ट्रंकेच्या तळाला कसर लागलेल्या त्या पट्ट्या अजून आहेत.

संघटनेच्या मे महिन्यातल्या बैठकीत हा विषय निघाला तो एका पाइपच्या तुकड्यावरून. एक होमगार्ड शेतातल्या चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर लांब तुकडा घेऊन आला. मधोमध उभा चिरलेला, कडा कानशीने घासलेल्या, आतून पोत्याचं तरट चिकटवलेलं, बांधायला सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या. मित्राचा पाय मोडलेला बघून त्याने हे स्वतःसाठी केलं होतं आणि पालखीच्या बंदोबस्ताला पँटच्या आत बांधून जाणार होता. आम्ही तो हातात घेऊन फिरवून बघत होतो. कुणाच्या तोंडून शब्द निघेना. कारण पीव्हीसी उन्हाने कडक होतं आणि जोराचा मार बसला की त्याची धारदार कपची उडते. त्याचा पाय ज्याने वाचायचा, त्यानेच तो कापला असता.

त्याच बैठकीत आमचे एक सुभेदार बोलले. बरीच वर्षं झाली, जम्मूच्या बाजूला पावसाळ्यात गस्तीवर असताना त्यांचा डावा पाय सुरुंगावर पडला. पेरलेली जागा नकाशावर होती, पण पावसाच्या लोंढ्यात सुरुंग वाहून दुसरीकडे जातात. असा पायसुरुंग केवढा असतो? रुंदी साडेपाच सेंटिमीटर, उंची चार, आत साधारण तीस ग्रॅम दारू. मुठीत झाकेल. तो माणसाला मारण्यासाठी नसतोच, पाय तोडण्यासाठी असतो. सुभेदारांवर पुढे पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात उपचार झाले. १९४४ पासून हे केंद्र सैनिकांना नव्याने उभं करतंय. तिथून ते स्वतःच्या पायावर चालत घरी आले, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “मला पेन्शन आहे. पण भाताच्या चिखलणीला मी वावरात उतरू शकत नाही. कृत्रिम पाय चिखलात रुतून निघून येतो. बांधावर बसून भाऊ-भावजय लावण करताना बघतो. या पोरांना तर पेन्शनही नाही.”

मग त्यांनीच पहिले पाच हजार रुपये टेबलावर ठेवले.

सुरुंगापासून पाय वाचवणारं सामान वेगळं असतं आणि ते संघटनेच्या आवाक्यातलं नाही. बॉम्बशोधक पथकाचा अंगभर सूट तीस किलोंच्या वर जातो. तो घालून माणूस दोरासमोर सहा तास उभा राहू शकत नाही, पळू तर अजिबात नाही. पायावरचं वजन ही मोठी अडचण असते. पाठीवर चार-पाच किलो घेऊन जेवढा दम लागतो, तेवढा पायाला एक किलो बांधला तरी लागतो. म्हणून बंदोबस्तासाठी लागतो तो हलका शिन गार्ड. क्रिकेटचं पॅड डोळ्यांसमोर आणा, पण बाहेरून पॉलिकार्बोनेटचं कवच, आत जाड फोम, गुडघ्याच्या वाटीवर वेगळा सांधा असलेली टोपी आणि खाली पावलाच्या वरच्या बाजूला छोटी जीभ. याने गोळी थांबत नाही, चाकूचाही भरवसा देता येत नाही. दगड, वीट, बाटली, काठी आणि चेंगराचेंगरीत लोखंडी बॅरिकेड पायावर पडणं, एवढ्यापासून तो वाचवतो. आपल्या तालुक्यात तेवढंच हवं आहे.

आम्ही तीन ठिकाणांहून नमुने मागवले आणि हायस्कूलच्या मैदानावर एक अख्खी सकाळ घालवली. वाळूच्या पोत्याला गार्ड बांधून दहा पावलांवरून दगड मारले. सगळ्यांत स्वस्त नमुन्याला वरून ओरखडाही दिसेना, पण उलटा केला तर आतून तडा गेलेला. तो तिथेच बाद. दुसरा मजबूत होता, पण उकिडवं बसलं की वरची कड मांडीत घुसायची. हे आम्हा म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं नसतं. पथकातल्या एका ताईंनी तो घालून ट्रकच्या फाळक्यावर चढून दाखवलं तेव्हा कळलं. त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. पुरुषांच्या मापाचा गार्ड बायकांच्या पायावरून दहा पावलांत फिरून पोटरीवर येतो. म्हणून दोन मापं घेतोय. तिसऱ्या नमुन्याला नुसतं वेल्क्रो होतं. विसर्जनाला पाऊस, गुलाल आणि चिखल एकत्र आले की वेल्क्रो धरत नाही, हे आपल्याला सांगायला नको. पुरवठादाराने त्यावर जास्तीचा बक्कल असलेला पट्टा लावून द्यायचं कबूल केलं आणि तोच आम्ही पसंत केला.

पथकात ९६ जण आहेत, त्यात २२ महिला. दहा जोड्या राखीव धरून १०६ जोड्या लागतात. पिशवीसकट एका जोडीला १,६४० रुपये पडतात, म्हणजे एकूण १,७३,८४० रुपये. संघटनेच्या सभासदांनी आपापसांत ६१,५०० रुपये जमवले आहेत. राहतात १,१२,३४० रुपये. ते तुमच्याकडे मागायला आलो आहोत.

हे सरकारनेच द्यायला नको का, असं तुम्ही विचाराल. द्यायला हवं, यात शंका नाही. तशी मागणी आम्ही लेखी केली आहे आणि तिचा पाठपुरावा सोडणार नाही. पण गणपती तारीख बघून येतात, मंजुरी बघून नाही. तेवढ्यासाठी आणखी एक विसर्जन उघड्या नडग्यांवर काढायचं, हे आमच्या मनाला पटत नाही.

काहींच्या मनात वेगळी शंका आहे. असं सामान दिलं की बंदोबस्तावरची माणसं आक्रमक होतील का? आमचा अनुभव नेमका उलटा आहे. ज्याचे पाय उघडे असतात तो पहिल्या दगडाला बिथरतो. एक तर जागा सोडून मागे पळतो आणि दोर सुटतो, नाहीतर भीतीपोटी समोर दिसेल त्याच्यावर काठी उगारतो. पाय झाकलेला माणूस शांत उभा राहतो. त्याचा फायदा मिरवणुकीत लेकराला खांद्यावर घेऊन आलेल्या बापालाच जास्त आहे.

गार्ड कुणाला वैयक्तिक दिले जाणार नाहीत. जिल्हा समादेशकांकडून लेखी संमती घेतली आहे. सामान तालुका पथकाच्या ताब्यात जाईल, डेडस्टॉक रजिस्टरला चढेल, प्रत्येक जोडीला नंबर पडेल. ड्यूटीला जाताना सही करून घ्यायचं, आल्यावर धुऊन, वाळवून परत ठेवायचं. ओला फोम तसाच पिशवीत कोंबला तर एका पावसाळ्यात कुजतो, म्हणून वाळवण्याची जबाबदारी दोन माजी सैनिकांनी अंगावर घेतली आहे. रक्कम उरलीच तर तिच्यातून टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचे पट्टे, घेऊ. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत हातचा जातो. तेव्हा दवाखाना गाठायच्या आधी पाय वरून आवळावा लागतो. तो कसा आवळायचा हे आमचे एक निवृत्त नर्सिंग असिस्टंट पथकाला शिकवणार आहेत.

एक जोडी १,६४० ची, पण शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल. मंडळांना आमची खास विनंती आहे. वर्गणीतून एकेका मंडळाने दोन-दोन जोड्या उचलल्या तरी निम्म्याहून जास्त काम होईल. मंडपाच्या रोषणाईतली एक माळ कमी करा, गणराय रागावणार नाहीत. नवी मुंबईच्या बाजारात माथाडी काम करणाऱ्या आमच्या भावांनो, तुमच्या गावच्या घरी म्हातारे आई-वडील एकटे असतात तेव्हा रात्रीच्या गस्तीला हीच पोरं फिरतात. तुमच्या ग्रामस्थ मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पत्रक वाचून दाखवा.

देणगी संघटनेच्या कार्यालयात सकाळी १० ते १ या वेळेत स्वीकारली जाईल. चेक संघटनेच्या नावाने काढावा. ऑनलाइन द्यायची असेल तर कार्यालयाच्या भिंतीवर लावलेल्या क्यूआर कोडवरूनच द्यावी. मोबाइलवर कुणी कोड पाठवला तर त्यावर विश्वास ठेवू नये, आम्ही असा कोड पाठवत नाही. घरोघरी कुणी पावतीपुस्तक घेऊन फिरणार नाही. जमा झालेल्या प्रत्येक रकमेची यादी दर सोमवारी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागेल. माल यायला दोन आठवडे लागतात, म्हणून रक्कम नारळी पौर्णिमेपर्यंत जमली तरच गणेश चतुर्थीच्या आधी गार्ड पायावर चढतील.

पैसे देणं जमत नसेल तर कामही पुष्कळ आहे. जादा पट्टे शिवायला जाड सुईचं मशीन असलेला कारागीर हवा. गार्ड टांगून ठेवायला लोखंडी मांडणी हवी, जुनी चालेल. आणि नंबर टाकण्यासाठी आकड्यांचे पत्र्याचे स्टेन्सिल कुणाकडे असतील तर दोन दिवसांसाठी द्यावेत. पांढरा रंग आमच्याकडे आहे.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
तालुका माजी सैनिक संघटना