कॅशबॅकच्या हिशेबात मिरची कुठे बसते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला क्रेडिट कार्डांवरचा पानभर लेख वाचला. लेखकांचं अभिनंदन. किराण्याला एक कार्ड, पेट्रोलला दुसरं, ऑनलाइन खरेदीला तिसरं आणि प्रवासाला चौथं, अशी वाटणी त्यांनी इतकी नेटकी केली आहे की आमच्या गावच्या जमिनीचीही तशी झाली नाही. शंका एवढीच, की हे गृहस्थ कधी पिशवी घेऊन बाजारात गेले आहेत का?

'किराणा मालावर सरसकट ५ टक्के परत' हा त्यांचा पहिला मंत्र. तो आमच्या घरी मे महिन्यातच जपून झाला. सूनबाई म्हणाली, "आई, मसाल्याचे आठ-नऊ हजार जाणारच आहेत, तर कार्डावर घ्या. चारशे तरी परत येतील." हिशेब चोख होता. दरवर्षीप्रमाणे लालबागच्या मिरची गल्लीत गेले. ब्याडगी, शंकेश्वरी, रंगापुरती काश्मिरी, धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर, हिंग. आमचं, लेकीचं आणि जाऊबाईंचं मिळून बिल झालं ८,६४० रुपये. कांडपाचे पैसे वेगळे, ते रोख.

दुकानात क्यूआर कोड लावलेला होता, पण तो दुकानमालकांच्या मुलाच्या खासगी खात्याचा. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं हे खरं, पण ते व्यापाऱ्याच्या क्यूआरवरच चालतं, कोणाच्या खासगी खात्यावर चालत नाही. (लेखात हे वाक्य शोधलं. सापडलं नाही.) मग मालकांनी गल्ल्याखालून स्वाइप मशीन काढलं, त्यावरची मिरचीची धूळ फडक्याने झटकली आणि म्हणाले, "ताई, कार्डावर दोन टक्के जादा पडतील." मी म्हटलं, पडणार नाहीत. पडले नाहीत.

जूनचं स्टेटमेंट आलं. कॅशबॅकच्या रकान्यात शून्य. आणि वर खरेदीच्या यादीत, ज्या दिवशी मी मिरची घेतली त्या तारखेला, अमुक अमुक 'इलेक्ट्रिकल्स', ८,६४० रुपये. मी घरात दोनदा विचारलं, कोणी पंखा घेतलाय का? मग रकमेवरून उलगडा झाला. माझी ब्याडगी आणि शंकेश्वरी बँकेच्या दप्तरी इलेक्ट्रिकचा माल म्हणून नोंदली गेली होती. शंकेश्वरीचा झटका बसतो हे मान्य, पण इतका?

ग्राहक सेवेला फोन केला. आधी गाणं ऐकलं, मग आकडे दाबले, मग परत गाणं. अखेर एक मुलगा बोलला, अतिशय गोड. "मॅम, सिस्टिम में ग्रोसरी नहीं दिखा रहा है." मी म्हटलं, बाळा, माझ्याकडे छापील बिल आहे, त्यावर धण्याचं वजनसुद्धा आहे. तो म्हणाला, बिल चालत नाही, मर्चंट कॅटेगरी कोड, म्हणजे स्वाइप मशीनवर नोंदलेला धंद्याचा कोड, चालतो. दुकानदाराला विचारा.

तशी मी परत लालबागला गेले. मालक बिचारे सज्जन. त्यांनी सांगितलं की मशीन भावाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचं. ते दुकान बंद झालं, मशीन चालू होतं, ते इकडे आणलं. पैसे खात्यात येतात, त्यांचं काही अडत नाही. त्यांनी कशाला बदलावं?

तर लेखकमहाशयांसाठी, आणि त्यांच्या भरवशावर उद्या चार कार्डांचे अर्ज भरायला बसणाऱ्यांसाठी सांगते. प्रत्येक स्वाइप मशीनला चार आकडी कोड असतो. किराणा दुकान आणि सुपरमार्केटला ५४११, पेट्रोल पंपाला ५५४१, असे. हा कोड मशीन देणारी बँक दुकानदाराचा धंदा पाहून ठरवते. आपलं कार्ड देणाऱ्या बँकेला दिसतं ते मशीनवर नोंदलेलं दुकानाचं नाव, हा कोड आणि रक्कम. पिशवीत काय आहे ते तिला दिसत नाही, दाखवलं तरी बघायचं नसतं. माझी बँक म्हणते कोड आमचा नाही. मशीनवाली बँक म्हणते तुम्ही आमच्या ग्राहक नाही. आणि हा कोड दुकानाच्या पाटीवर नसतो, बिलावर नसतो, स्वाइप करण्याआधी मला कळण्याचा कुठलाही मार्ग नसतो. मग 'योग्य कार्ड निवडा' म्हणजे नक्की काय निवडू? मॉलमधल्या चकचकीत दुकानातून मिरची घेतली असती तर पाच टक्के मिळाले असते, हे खरं. तिथे शंकेश्वरी मिळत नाही, हेही खरं.

बाकी लेखातल्या गोष्टींवर फार लिहीत नाही. पेट्रोलवर 'बचत' म्हणून जी सांगितली आहे ती बहुतेक कार्डांवर एक टक्का सरचार्ज माफी असते. म्हणजे आधी लावलेला आकार परत देतात, तोही त्यावरचा जीएसटी ठेवून घेऊन. विमानतळावरच्या लाउंजचं मला कौतुक नाही, मी गावाला जाते ती दादरहून तुतारी एक्स्प्रेसने. दरमहा कॅशबॅकला कमाल मर्यादा असते, ती लेखात आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की भिंग घ्यावं लागलं.

मात्र व्याजाबद्दल एकच ओळ, तीही चौकटीच्या तळाला, याचा खरोखर राग आला. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. नुसती किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात, कांदे-बटाटे घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. आमच्या शेजारच्या मुलाने हे अनुभवलं आहे. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. इतकी मोठी गोष्ट पानभर लेखात मावू नये? पाच टक्के मथळ्यात आणि ४२ टक्के तळाला!

बरं, कार्ड घ्यायचं कसं हे सगळे सांगतात, बंद करायचं कसं हे कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला ५०० रुपये द्यावे लागतात. मी हा नियम फोनवर नुसता उच्चारला, तर त्या गोड मुलाच्या जागी लगेच त्याचे साहेब बोलायला आले. त्यांना वार्षिक शुल्क माफ करायचं होतं. मला माझे ४३२ रुपये हवे होते. ते मिळाले नाहीत. कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज दिला आहे, सूनबाई थोडी नाराज आहे, मी दिवस मोजते आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. ज्या दिवशी हा लेख आला, त्याच दिवशी तुमच्या पहिल्या पानावर एका क्रेडिट कार्डाची पानभर जाहिरात होती. बातम्या उलटल्यावर तिसऱ्या पानापासून सुरू झाल्या. योगायोग असेल. मी काही म्हणत नाही.

पण या लेखाला जागा करायला तुम्ही शनिवारचं शब्दकोडं काढलंत, हे मात्र बरं केलं नाहीत. आमच्या इमारतीत ते सोडवणारी चार घरं आहेत आणि मागच्या कोड्याची उत्तरं अजून छापून आलेली नाहीत. उभा शब्द क्रमांक नऊवरून यजमानांचा आणि माझा वाद मिटायचा आहे. येत्या शनिवारी निदान उत्तरं तरी द्यावीत.

आपली,
एक जुनी वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई