तो खिळा उपटा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

गणपतीला निपाणीला आले तेव्हा न्हाणीघरात बाबांचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर दिसला. ताटही वेगळं. बाबा, उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तुम्ही सोप्यात बसला होता. उठताना चादरीवरच्या खपल्या तळहातानं गोळा करून मुठीत लपवल्यात. फोनवर तुम्ही ‘बरं हाय’ म्हणून विषय मिटवता, म्हणून हे पत्र.

बाबांचा हा सोरायसिस, म्हणजे कातडीवर खपल्यांचे चट्टे उठवणारा आजार, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. टॉवेलनं नाही, ताटानं नाही, नातवाला मांडीवर घेतल्यानं तर नाहीच. आई, रक्तही बिघडलेलं नाही. इथल्या डॉक्टरांनी मला समजावलं: कातडीची पेशी खालून वर यायला एरवी महिनाभर लागतो, चट्ट्यात ती चार-पाच दिवसांतच वर येते. म्हणून थर साचतात. ही घाई लावतात शरीराचेच राखणदार, टी-पेशी. खानापूरला मामा भातात डुकरं शिरू नयेत म्हणून माचावर डबा बडवायचा, आठवतं? डुक्कर नसतानाही तो रात्रभर बडवत राहिला तर सगळी वाडी जागी. तसंच हे. आयएल-17, आयएल-23 हे शरीरातले रासायनिक निरोप, म्हणजे त्या डब्याचा आवाजच. पूर्वी हा नुसता कातडीचा रोग समजत. 1979 मध्ये प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन सांध्यांसाठी देऊन बघितलं, तर चट्टेही निवळले. तेव्हा कुठे डॉक्टरांचं लक्ष राखणदारांकडे वळलं.

बाबा, तुमच्या नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे आहेत, आणि सकाळी बोटं आखडतात म्हणता. वय म्हणून सोडू नका, हाच आजार सांध्यांतही उतरतो. डॉक्टरांना दोन्ही दाखवा. खाजवू नका, खरचटलं तिथेच नवा चट्टा उठतो. आणि विडी. निपाणीत बसून तंबाखूला नावं ठेवायची म्हणजे आपल्याच ताटात थुंकणं, पण विडीनं हे चिघळतं.

आई, आता तुझं काम. बाबांच्या मेथोट्रेक्सेट या गोळीच्या पाकिटावर मेडिकलवाल्यानं कानडीत ‘वारक्कोम्मे’ लिहिलंय. तुला ती अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून सांगते: आठवड्यातून एकदाच. ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतते. कॅलेंडरवर दर सोमवारी लाल खूण कर आणि गोळी स्वतःच्या हातानं दे. रक्ततपासणीची तारीखही तिथेच लिही.

दिवाळीला येते. तोवर न्हाणीघरातला तो खिळा उपटून ठेवा.

तुमची लेक