‘फॉरमॅट मारण्या’आधी जागा मोजा

मा. संपादक,
स. न.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात संगणकाची सी ड्राइव्ह लाल झाली की दोनच सल्ले कानावर येतात : ‘फॉरमॅट मारून घ्या’ नाहीतर ‘मोठी एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) बसवून घ्या’. जागा नेमकी कशाने खाल्ली, हे मात्र सल्ला देणाऱ्याने पाहिलेले नसते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे पुष्कळ जण विंडोज ११ कडे वळत आहेत आणि पहिलीच अडचण जागेची येते. अशा वेळी घाईने फॉरमॅट मारला की सोसायटीचे जुने हिशेब, वाचनालयाचे वार्षिक अहवाल, मंडळाच्या स्मरणिकेची अक्षरजुळणी सगळे एका बैठकीत पुसले जाते. ते टळावे म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी एक नेहमीची शंका. ‘२५६ जीबीची एसएसडी घेतली आणि २३८ च दिसते, दुकानदाराने फसवले.’ यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांच्या आसपास धरते. त्याच हिशेबाने ५१२ ची डिस्क ४७६ आणि १ टीबीची ९३१ दिसते. ड्राइव्हची पट्टी लाल होते ती मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की. तो केवळ इशारा असतो, डिस्क खराब झाल्याची खूण नव्हे.

मोजणीची सुरुवात विंडोजमधूनच होते. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज असे जावे आणि ‘शो मोअर कॅटेगरीज’वर टिचकी मारावी. कोणत्या प्रकाराने किती जागा घेतली ते उतरत्या क्रमाने दिसते. ‘टेम्पररी फाइल्स’मधल्या बहुतेक गोष्टी बिनधास्त काढता येतात. विंडोजची नवी आवृत्ती चढल्यावर मागे राहणारी जुनी विंडोज १५-२० जीबी सहज अडवून बसते. ती दहा दिवसांनी आपोआप जाते, पण घाई असेल तर इथूनच काढावी. मात्र त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ नावाचाही एक चौकोन असतो. त्यावर मुळात खूण नसते, पण ‘सगळेच साफ होऊ दे’ म्हणून वरपासून खालपर्यंत खुणा करणाऱ्यांचे डाउनलोड केलेले जमिनीचे उतारे, परीक्षेची हॉलतिकिटे, बँकेची स्टेटमेंट त्यात जातात. त्या चौकोनाला हात लावू नये.

एवढ्याने प्रश्न सुटला नाही तर डिस्कचा नकाशा काढणारा प्रोग्राम वापरावा. या नकाशाची कल्पनाही जागेच्या तुटवड्यातूनच आली. १९९० साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात १४ जण मिळून ८० एमबीची एक हार्डडिस्क वापरत होते आणि ती भरली होती. कोणी किती जागा अडवली हे एका नजरेत कळावे म्हणून प्राध्यापक बेन श्नायडरमन यांनी फोल्डरात फोल्डर तसे चौकोनात चौकोन मांडायची रीत काढली. ‘विनडर्स्टॅट’ हा मोफत प्रोग्राम नेमके हेच करतो. मोठी फाइल म्हणजे मोठा चौकोन, फाइलच्या प्रकाराप्रमाणे रंग. चौकोनावर टिचकी मारली की वरच्या यादीत ती फाइल कुठे आहे ते दिसते. ‘विझट्री’ याहून झटपट चालतो, कारण तो फोल्डर एकेक उघडत बसत नाही, डिस्कवरची फाइलींची मूळ नोंदवहीच वाचतो. पण तो घरगुती वापरापुरताच मोफत आहे. दुकान किंवा कार्यालय असेल तर परवाना घ्यावा, नाहीतर विनडर्स्टॅट वापरावा. दोन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावेत. शोधात सर्वांत वर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो आणि त्यातून भलतेच काही संगणकात शिरते.

प्रोग्राम चालवताना उजवी टिचकी मारून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. हे राहून गेले की पुष्कळ फोल्डर वाचलेच जात नाहीत आणि बेरीज जुळत नाही. बेरीज न जुळणे हीच सर्वांत मोठी तक्रार असते : ‘सी मधले सगळे फोल्डर निवडून पाहिले तर ७० जीबी भरतात, ड्राइव्ह मात्र ११० भरली म्हणते. बाकीचे ४० गेले कुठे?’

ते कुठेही जात नाहीत, आपल्याला दिसत नाहीत एवढेच. सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘हायबरफिल’ नावाची लपलेली फाइल असते. संगणक ‘हायबरनेट’ करताना, म्हणजे उघडी कामे तशीच ठेवून बंद करताना, रॅममधला मजकूर तीत उतरतो. साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅमच्या यंत्रात सहा-साडेसहा जीबी. तिच्या शेजारी, रॅम अपुरी पडली की वापरायची ‘पेजफाइल’ असते. रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाल्यास मागे जाण्यासाठी विंडोजने ठेवलेल्या आधीच्या स्थितीच्या नोंदी) तर अशा बंद फोल्डरात असतात, की अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही ते सहजी उघडत नाही. स्टोरेजच्या पानावर ‘सिस्टम अँड रिझर्व्ह्ड’वर टिचकी मारली की या तिन्हींचे आकडे वेगवेगळे दिसतात. त्याच ठिकाणी विंडोजने पुढच्या अपडेटसाठी राखून ठेवलेले सुमारे ७ जीबीही दिसतील, त्यांचा नाद सोडावा. रिस्टोअर पॉइंटांनी जास्त जागा धरली असेल तर स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून ‘कॉन्फिगर’मध्ये मर्यादा पाच टक्क्यांवर आणावी. पूर्ण बंद करू नये, कारण बिघडलेला ड्रायव्हर मागे घ्यायला तोच आधार असतो. यूपीएसवर चालणाऱ्या टेबलावरच्या संगणकाला हायबरफिलची गरज सहसा नसते. ती हाताने पुसता येत नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजीत ‘पॉवर’ला जोडून सी-एफ-जी, जागा, तिरकी रेघ आणि एच, जागा, ‘ऑफ’ असे (powercfg /h off) टाइप केले की ती जाते. संगणक सुरू व्हायला मग थोडा जास्त वेळ लागेल, कारण झटपट सुरू होण्याची सोयही तिच्यावरच चालते. लॅपटॉपवाल्यांनी विचार करूनच हे करावे.

उलटा गोंधळ विंडोज फोल्डरातल्या ‘विनएसएक्सएस’चा. तो बघायला गेले की दहा-बारा जीबीचा दिसतो आणि हात शिवशिवतात. पण त्यातल्या असंख्य फाइली म्हणजे एकाच घराची दोन दारे. पुढच्या दाराने एकदा आणि मागच्या दाराने एकदा मोजले तर घरे दोन भरतात, प्रत्यक्षात भिंती त्याच असतात. त्याचा खरा आकार दिसतो त्याहून कमी असतो आणि तो पुसला तर विंडोजच बंद पडते. विंडोजच्या आतल्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरचेही तसेच. आज पुसला तर आज काही होत नाही, पण सहा महिन्यांनी ऑफिस अपडेट होत नाही किंवा एखादा प्रोग्राम काढता येत नाही आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. वनड्राइव्हच्या फोल्डरात ढगाचे चिन्ह असलेल्या फाइली मोठ्या दिसतात, पण डिस्कवर जागा घेत नाहीत. त्या पुसल्या तर खात्यातूनही जातात. ज्या फाइली डिस्कवर उतरलेल्या आहेत त्यांच्यासाठी उजव्या टिचकीत ‘फ्री अप स्पेस’ असते, ते वापरावे.

आता आपल्याकडच्या खऱ्या खादाडांकडे. खडेबाजारापासून संकेश्वरपर्यंत डीटीपी, फ्लेक्स आणि फोटो स्टुडिओची दुकाने आहेत आणि सर्वांत जास्त लाल पट्ट्या तिथेच दिसतात. एका फ्लेक्सचा हिशेब करून पाहा. १० बाय २० फुटांचा फलक म्हणजे १२० बाय २४० इंच. इंचाला ७२ ठिपके धरले तर सुमारे १५ कोटी ठिपके होतात आणि छपाईच्या चार रंगांना ठिपक्यामागे चार बाइट. म्हणजे न दाबलेली (अनकॉम्प्रेस्ड) टिफ फाइल सुमारे ५७० एमबीची. तोच फलक कोणी ‘क्वालिटी यावी’ म्हणून १५० ठिपक्यांवर केला की फाइल २.४ जीबीची होते. रस्त्यावरून वीस फुटांवरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. एवढ्याने भागत नाही. फोटोशॉपची मूळ फाइल, छपाईची टिफ आणि यंत्राच्या रिप सॉफ्टवेअरने (फाइल छपाईयंत्राला समजेल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रामने) करून ठेवलेली प्रत अशा एकाच वाढदिवसाच्या तीन आवृत्त्या साठतात. फलक लागून उतरला की मूळ फाइल तेवढी ठेवावी, बाकी दोन्ही केव्हाही पुन्हा बनतात. टिफ ठेवायचीच असेल तर सेव्ह करताना फाइल दाबण्याची ‘एलझेडडब्ल्यू’ ही पद्धत निवडावी. चित्राचा दर्जा त्याने तसूभरही कमी होत नाही.

कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनी शोधात इंग्रजीत ‘Backup_of’ एवढे टाकून पाहावे. सेव्ह करताना कोरल मूळ फाइलशेजारी त्या नावाने जुनी प्रत ठेवते. लग्नपत्रिकांच्या फोल्डरात जितक्या पत्रिका तितक्याच या प्रती सापडतात. मूळ फाइल नीट उघडते याची खात्री करून मगच त्या काढाव्यात, कारण मूळ फाइल खराब झाली की हीच प्रत कामाला येते. फोटोशॉपची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात खानापूरकडे वीज येते-जाते आणि फोटोशॉप अर्ध्यात बंद पडले की त्याच्या ‘फोटोशॉप टेम्प’ नावाच्या, कित्येक जीबींच्या फाइली तशाच राहतात. एरवी प्रोग्राम बंद करताना तोच त्या पुसतो. फोटोशॉप पूर्ण बंद असताना त्या काढाव्यात आणि प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क (या तात्पुरत्या फाइलींची जागा) सी वरून दुसऱ्या ड्राइव्हवर न्यावी. प्रीमिअरवर लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांनी ‘मीडिया कॅश’ पाहावी. ती लपलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरात असते, प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमधून पुसता येते आणि लागली तर पुन्हा तयार होते. मूळ चित्रीकरणाचे वजन मात्र कमी करता येत नाही : सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाने केलेले फोरके चित्रीकरण तासाला ४५ जीबी घेते. त्याची जागा सी ड्राइव्हवर नव्हे, बाहेरच्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर.

छपाई अडकून बसण्याची सवय असलेल्या प्रिंटरवाल्यांनी विंडोजच्या सिस्टम ३२ मधल्या ‘स्पूल’, त्यातल्या ‘प्रिंटर्स’ फोल्डरात डोकवावे. रद्द करूनही न गेलेली मोठी कामे तिथे पडून असतात. सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून फक्त त्या फोल्डरातल्या फाइली पुसाव्यात आणि तो पुन्हा सुरू करावा.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममधला कंपनीचा डेटा नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फोल्डरात असतो आणि पुष्कळ यंत्रांवर तो सी ड्राइव्हवरच्या ‘पब्लिक’ खाली राहतो. नवख्याला १०००० असले नाव कचरा वाटते. तो दुकानाचा अख्खा हिशेब असतो. आणि एसएसडीवर पुसलेली फाइल कचरापेटीतूनही काढली की परत मिळण्याची आशा जवळपास संपते. जुन्या हार्डडिस्कवर पुसलेला मजकूर दुसरे काही त्या जागी लिहिले जाईपर्यंत शिल्लक असतो. एसएसडीला विंडोज लगेच कळवते की ही जागा मोकळी झाली, आणि ती डिस्क स्वतःच ती जागा साफ करून टाकते.

आपल्याकडच्या जुळणी केलेल्या यंत्रांत आणखी एक खोड दिसते. ५०० जीबीच्या डिस्कवर सी ला ८० जीबी आणि उरलेली सगळी डी ला. सी गुदमरते, डी ओस पडलेली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डी लहान केली तरी मोकळी जागा डी च्या शेवटी तयार होते, सी च्या शेजारी नाही. म्हणून सी ची ‘एक्सटेंड’ची ओळ फिकीच राहते. त्यापेक्षा सोपे म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे फोल्डर डी वर नेणे. फोल्डरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’. आधी डी वर त्या नावाचा रिकामा फोल्डर करून तोच दाखवावा. थेट डी ड्राइव्हच दाखवली तर संपूर्ण डी म्हणजेच डॉक्युमेंट्स होऊन बसते आणि ते निस्तरता निस्तरता दमछाक होते.

एवढे करूनही कधी फॉरमॅट अटळ असतो : विंडोज उघडतच नाही, व्हायरस मुरला आहे. तेव्हा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सबरोबर फॉन्टही आठवणीने काढून घ्यावेत. सीमाभागात एकाच यंत्रावर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी असते, आणि युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) येण्याआधीचा मजकूर त्या-त्या फॉन्टशिवाय उघडला की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फाइल असते, वाचता येत नाही. फॉन्ट विंडोजमधल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात असतात, पण एकाच वापरकर्त्यापुरते बसवलेले फॉन्ट त्याच्या अ‍ॅपडेटामध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असे खोल जाऊन बसतात. दोन्हीकडून प्रत घ्यावी. श्रीलिपीच्या परवान्याची कुलूपचावी (डोंगल) पेटीतून शोधून ठेवावी आणि एखादी जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर त्याच फॉन्टने उघडून वाचून पाहावी. ती वाचता आली, की मगच यंत्र दुरुस्तीवाल्याच्या हाती द्यावे.

आपला,
संगणक दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक,
शहापूर, बेळगाव